‘आते मना डाव शे’: लढाई आणि लेव्हलच्या वादामागचा इतिहास

जळगावला एका खोलीत राहून शिकलेल्या आम्हा चौघांचा एक वाद कॉलेज सुटलं तरी सुटलेला नाही. दिवाळीत भुसावळला भेटलो की पहिला चहा येण्याआधी तो निघतो. एखादं पात्र आपलं मानून खेळायच्या रोल-प्लेइंग गेममधली लढाई पाळीपाळीने व्हावी की थेट हातघाईवर? आणि लेव्हल, म्हणजे पात्राच्या ताकदीची पायरी, वाढवून वाढवून मारलेला बॉस, म्हणजे सर्वांत तगडा शत्रू, खरंच आपण मारला म्हणायचा का? यंदा धुळ्याच्या मित्राचा धाकटा भाऊ सोबत होता. त्याने साधा प्रश्न विचारला: मुळात ही लेव्हल आली कुठून? गाडीची वेळ झाली होती, उत्तर अर्धं राहिलं. ते इथे पूर्ण करतो.

गोष्ट टेबलावर सुरू होते. अमेरिकेत छोट्या बाहुल्यांचं सैन्य मांडून लढायांचे खेळ खेळले जात. गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांच्या १९७१ च्या ‘चेनमेल’मध्ये मोठ्या लढाईत एक बाहुली म्हणजे वीस माणसं. फासे पडले, बाहुली उचलली, संपलं. मिनेसोटातल्या डेव्ह अर्नेसन यांनी प्रत्येक खेळाडूच्या हाती एकेकच माणूस दिला आणि अडचण तिथे उभी राहिली. वीस जणांची बाहुली गेली तर कोणी हळहळत नाही. पण ज्याला आपण नाव दिलं, ज्याच्याबरोबर चार संध्याकाळी काढल्या, तो एका फाशात गेला की जीव तुटतो. अर्नेसन यांनी मग अमेरिकी यादवी युद्धातल्या चिलखती जहाजांच्या खेळाचा हिशोब उचलला. जहाज एका गोळ्याने बुडत नाही, त्याने किती मार खाल्ला ते मांडून ठेवावं लागतं. आपण ज्याला एचपी (हिट पॉइंट्स, म्हणजे किती मार सोसता येईल तो आकडा) म्हणतो तो मूळचा जहाजाचा. या सगळ्या इतिहासात मला याच गोष्टीचं सर्वांत जास्त अप्रूप आहे: खेळातला माणूस लगेच मरू नये असं कोणाला तरी मनापासून वाटलं, म्हणून तो आकडा जन्माला आला.

१९७४ मध्ये गायगॅक्स आणि अर्नेसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ निघाला. त्यात लढवय्याला दुसऱ्या लेव्हलसाठी अनुभवाचे २,००० गुण लागत, मग ४,०००, मग ८,०००. पण गुण मिळत कशाचे? राक्षस मारण्याचे मिळत, आणि त्याहून कितीतरी जास्त खजिना बाहेर काढण्याचे. सोन्याच्या एका नाण्याला एक गुण. त्यामुळे शहाणा खेळाडू लढाई टाळायचा, राक्षसाला फितवायचा, मागच्या बोळाने सोनं घेऊन निघायचा. समोर पंच म्हणून एक जिवंत माणूस बसलेला असे आणि तो खेळाडूची अक्कल ओळखून दाद देई. ‘लेव्हल म्हणजे नुसती हमाली’ असं आमचा पुण्याचा मित्र म्हणतो, तेव्हा हे आठवावं. सुरुवातीला ती हमाली नव्हती.

हमाली आली ती पंचाच्या खुर्चीत यंत्र बसलं तेव्हा. यंत्राला अक्कल मोजता येत नाही, मेलेले राक्षस मोजता येतात. इलिनॉय विद्यापीठाच्या प्लेटो या संगणकजाळ्यावर १९७५ च्या सुमारासच विद्यार्थ्यांनी असे खेळ लिहिले होते. १९८१ मध्ये ॲपल २ या संगणकावर ‘विझर्ड्री’ आणि ‘अल्टिमा’ आले आणि पुढचा सगळा वंश या दोघांचा. अँड्र्यू ग्रीनबर्ग आणि रॉबर्ट वुडहेड यांच्या ‘विझर्ड्री’त सहा जणांची टोळी असे. प्रत्येकाला हुकूम द्यायचा, मग सगळ्यांचे वार एकामागून एक बघायचे. खेळ निर्दयी होता. मेलेल्याला जिवंत करायला गेलात तर त्याची राख होऊ शके, आणि राखेवरचा प्रयत्नही फसला तर तो कायमचा गेला. लेव्हल वाढताना ताकद, बुद्धी यांपैकी एखादा आकडा कमीही होई.

जपानमध्ये युजी होरी या लेखकाला हे दोन्ही खेळ आवडले आणि त्यांनी ते सोपे केले. २७ मे १९८६ ला निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या टीव्हीला जोडायच्या खेळयंत्रावर आलेल्या त्यांच्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’मध्ये एक नायक, समोर एक शत्रू, आणि मोजके हुकूम. मेलात तर निम्मं सोनं जातं, पण अनुभव एका गुणानेही कमी होत नाही. इथे लेव्हलचा अर्थच बदलला. ज्याचा हात चपळ नाही, ज्याला डावपेच सुचत नाहीत, त्यानेही चिकाटीने वेळ दिला तर शेवटचा दरवाजा उघडतो. पाळीच्या लढाईची बाजू मी घेतो ती याच कारणासाठी. आमच्या गल्लीत सोंगट्यांचा पट मांडला की म्हातारी माणसं अहिराणीत ‘आते मना डाव शे’ (आता माझा डाव आहे) म्हणून थांबवायची, कवड्या हातात घोळवत विचार करायची, आणि कोणी त्यांना घाई करत नसे. विचाराला वेळ मिळणं हा पाळीच्या खेळाचा हक्क आहे.

त्याच फॅमिकॉमच्या नकला आपल्याकडे ‘टीव्ही गेम’ म्हणून घरोघरी आल्या. तरीही माझ्या ओळखीत कोणीच लहानपणी ‘ड्रॅगन क्वेस्ट’ खेळलेलं नाही. आमच्या कॅसेटींत पळायचे आणि गोळ्या झाडायचे खेळ असत. वाचायचा खेळ, तोही जपानी लिपीत, कोण घेणार? शिवाय मूळ जपानी खेळात डाव जपून ठेवायला वीस अक्षरांचा मंत्र कागदावर उतरवून घ्यावा लागे. लोडशेडिंगच्या दिवसांत आठ-आठ तास वीज नसलेल्या गावात हा मंत्र फार कामाचा ठरला असता, असं मला आजही वाटतं.

पुढे जपानमध्येच लेव्हलवर प्रयोग झाले. १९८८ च्या ‘फायनल फँटसी २’ने लेव्हल काढूनच टाकली. तलवार चालवाल तर तलवार सुधारेल, मार खाल तर एचपी वाढेल. कल्पना आखाड्यासारखी आहे, जोर काढल्याशिवाय छाती भरत नाही. पण पंच यंत्रच होतं. लोकांनी आपल्याच साथीदारांना मारून मारून एचपी वाढवले आणि यंत्राने ते मोजलं. १९९१ च्या चौथ्या भागात हिरोयुकी इतो यांनी पाळीला घड्याळ लावलं: प्रत्येकाची पाळी आपापल्या वेगाने येते, आणि तुम्ही विचार करत बसलात तरी शत्रू थांबत नाही. फॉर्म्युला वन शर्यतीत वेगवेगळ्या वेगाच्या गाड्या एकमेकींना मागे टाकताना बघून त्यांना हे सुचलं.

आमच्या खोलीत मात्र हा प्रकार सीडीवरून शिरला. १९९६ च्या अखेरीस आलेला ‘डायब्लो’ आधी पाळीचाच होणार होता. डेव्हिड ब्रेविक यांनी तो थेट लढाईचा करून पाहिला आणि तसाच ठेवला. १९९८ च्या ‘बाल्डर्स गेट’ने मधली वाट काढली. वरून सगळं थेट दिसतं, आत टेबलावरच्या नियमांसारख्या फेऱ्या चालतात, आणि स्पेसबार दाबला की सगळं थांबतं. धुळ्याचा मित्र या स्पेसबारवर अजून जीव टाकतो.

सर्वांत कडाक्याचं भांडण होतं ते वेगळ्याच मुद्द्यावर. १९९९ च्या ‘फायनल फँटसी ८’मध्ये आणि २००६ च्या ‘ऑब्लिव्हियन’मध्ये तुमच्याबरोबर शत्रूचीही लेव्हल वाढते. ‘ऑब्लिव्हियन’मध्ये रस्त्यावरचे साधे दरोडेखोरसुद्धा पुढे महागडं काचेचं चिलखत घालून अडवतात. चौथा मित्र चोपड्याकडचा, घरात पहिलवानकी. तो म्हणतो, यात्रेतल्या दंगलीत पंच जोड बघूनच कुस्ती लावतात. तोलाचा गडी समोर नसेल तर ती कुस्ती कसली? मला त्याचं म्हणणं अर्धंच पटतं. गेल्या वर्षी ज्याने चितपट केलं त्यालाच यंदा आस्मान दाखवायचं, यासाठी तर पोरं वर्षभर माती अंगाला लावतात. तो गडी नेमका तितकाच वाढून आला, आणि दरवर्षी तितकाच वाढून येणार असेल, तर केलेले जोर दिसणार कुठे?

धाकट्याने घरी गेल्यावर फोनवर ‘ड्रॅगन क्वेस्ट’ घेतला. परवा रात्री त्याचा फोन आला. पूल ओलांडला की दोन वारांत मरतो म्हणाला. त्या खेळात पुलापलीकडे शत्रू तगडे होतात, ही होरींनी आखलेली वेस आहे. मी म्हटलं, अलीकडेच थांब, अजून दोन लेव्हल घे. मागून त्याच्या दादाचा आवाज आला, ‘ऐकू नको, ढाल विकत घे आणि जा.’ त्याने फोन तसाच चालू ठेवला आणि दोघांत जुंपली.