एकाच नावाच्या दोन केसाळ काड्या

पुण्यात अप्पा बळवंत चौकातल्या एखाद्या स्टेशनरीच्या दुकानात ‘पाइप क्लीनर आहेत का?’ असं विचारलं, की उलट प्रश्न येतो, ‘कुठला रंग देऊ?’ रंगाचा प्रश्न आला की समजायचं, आपण भलत्या वस्तूच्या दुकानात उभे आहोत. इथे पाइप क्लीनर म्हणजे मुलांच्या प्रोजेक्टचा कोळी, फुलपाखरू, नाहीतर चष्मा करायची लवदार तार. तंबाखूचा पाइप साफ करायची काडी दिसायला तिची सख्खी बहीण, पण काम अगदी वेगळं.

मामांचा जुना, ब्रायर नावाच्या लाकडाचा पाइप माझ्याकडे आला, तेव्हा मी हीच चूक केली. शंभर काड्यांचं रंगीबेरंगी पाकीट स्वस्तात मिळालं म्हणून खूश होतो. त्यातली लाल काडी अल्कोहोलमध्ये बुडवून दांडीतून ओढली, तर कीट होतं तिथेच राहिलं आणि रुमालावर गुलाबी डाग पडला. (पाइप ओढणं तब्येतीला वाईटच, त्यावर वाद नाही. पण वारशाने आलेली वस्तू निदान घाण तरी राहू नये.)

मूळ वस्तू पाइपचीच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरात, जे. हॅरी स्टेडमन आणि चार्ल्स एंजल यांनी ती काढली असं सांगतात. दोन बारीक तारांना पीळ द्यायचा आणि त्या पिळात धाग्याचे तुकडे अडकवायचे, एवढीच युक्ती. पुढे ती मुलांच्या हाती लागली, लांब, जाड आणि रंगीत झाली. कलाकुसरीच्या दुनियेत तिला ‘शेनील’ म्हणतात. या फ्रेंच शब्दाचा अर्थ सुरवंट, आणि नाव अगदी शोभतं.

खरा फरक आहे तो धाग्याचा. पाइपच्या काडीला सूत किंवा तसाच ओल शोषणारा धागा असतो. रंगीत काडीला बहुतेक वेळा पॉलिस्टर नाहीतर नायलॉन. तंबाखू जळताना वाफ होते, ती दांडीत थंड होऊन पाणी होते, त्यात डांबरासारखा चिकटा मिसळतो, आणि मग झुरका घेताना गुरगुर ऐकू येते. अशा वेळी टीपकागदासारखं काम करणारी काडी हवी. पॉलिस्टर ओल टिपत नाही, नुसती पुढे ढकलतं. काडी बाहेर काढल्यावर ती जवळजवळ स्वच्छ दिसली, तर पाइप स्वच्छ होता असं समजू नका.

दुसरी गोष्ट उष्णतेची. गुरगुर सुरू झाली की पाइप ओढत असतानाच, दांडी न उपसता, काडी तोंडाकडून आत सरकवून ओल टिपायची पद्धत आहे. काडीचं टोक कधीकधी थेट निखाऱ्यापर्यंत जातं. सूत तिथे फार तर करपतं. पॉलिस्टर साधारण 250 अंश सेल्सियसला वितळतं आणि निखारा त्याहून कितीतरी गरम असतो. वितळलेलं प्लास्टिक भोकाच्या तोंडाशी चिकटलं, तर पुढचा झुरका त्याच्यावरून घ्यायचा. मला तरी एवढं एकच कारण पुरेसं वाटतं.

मापाचा फरक त्यामानाने किरकोळ. रंगीत काडी साधारण 30 सेंटीमीटर, पाइपची 15 ते 17. म्हणून लोक रंगीत काडी मधून कापतात आणि एकाच्या दोन झाल्या म्हणून हिशेब मांडतात. पण पाइपच्या आतलं भोक असतं चारेक मिलिमीटरचं, ओठाकडे तर ते चपटं होत जातं. जाड लवेची काडी तिथे अडते, जोर लावला की वाकते, आणि कापलेली तार आत ओरखडे काढते. खऱ्या काडीच्याही टोकाला तार असतेच, म्हणून तिचं टोक जरासं दुमडून घालावं.

पाकिटावर काहीही लिहिलेलं असो, घरी ओळख पटवता येते. काडीवर पाण्याचा थेंब टाका. सुतात तो लगेच जिरतो, पॉलिस्टरवर मोत्यासारखा बसून राहतो. तरी शंका असेल तर काडीचं टोक चिमट्यात धरून मोरीत काडेपेटीने पेटवा. सूत कागदासारखं जळून राख होतं. पॉलिस्टर आक्रसतं, त्याचा कडक काळा गोळा होतो आणि प्लास्टिकचा वास सुटतो.

आता पैशांचं. समजा रंगीत काडी एक रुपयाला पडली आणि सुती तीन रुपयांना. रंगीत कापली तर अर्धी पन्नास पैशांत. एका सफाईला असे चार तुकडे लागले तरी दोनच रुपये होतात, म्हणजे कागदावर रंगीतच स्वस्त. पण त्या दोन रुपयांत पाइप ओलाच राहतो. ओला पाइप आंबूस वास धरतो, आणि मग अल्कोहोल, कापूस आणि अर्धा रविवार खर्ची पडतो.

सुती काड्यांतही उतरंड आहे. साधी सरळ काडी सगळ्यांत स्वस्त, रोजच्या कामाला तीच. एका टोकाला बारीक, दुसऱ्याला जाड अशी निमुळती काडी थोडी महाग, पण अरुंद दांडीत ती आरामात जाते. तिसरीत सुताबरोबर नायलॉनचे ताठ केस विणलेले असतात. ती घासायला उत्तम, टिपायला बेताची, आणि गरम पाइपात तिलाही मज्जाव. मी साध्या काड्यांचा मोठा गठ्ठा घेतो आणि केसवाल्यांचं एकच छोटं पाकीट, ते कितीतरी महिने पुरतं. पानाच्या ठेल्यावर या काड्या मिळायच्या नाहीत. मोठ्या शहरांतली तंबाखूची मोजकी दुकानं, ऑनलाइन खरेदी, नाहीतर परदेशातून येणारे नातेवाईक. वजन नगण्य असल्यामुळे मागायला संकोच वाटत नाही.

काटकसर करायची तर ती वापरण्यात करा. पाइप ओढून झाला की आधी कोरड्या काडीने ओल टिपा, मग तीच उलटी करून दुसरं टोक वापरा, आणि शेवटी मधोमध दुमडून वाटीतली, म्हणजे तंबाखू भरतात त्या भागातली, राख पुसा. पाइप पुरता निवल्याशिवाय दांडी उपसू नका, सांधा सैल होतो किंवा तडकतो. अल्कोहोल रोज नको, कीट जमलं की पुरे. औषधाच्या दुकानातलं आयसोप्रोपिल चालतं, पॉलिशवाल्याकडचं स्पिरिट नाही, त्यात मिथेनॉल असू शकतं. दांडी अॅक्रिलिकची असेल तर अल्कोहोल तिच्यापासून लांबच ठेवा, तिला बारीक चिरा जातात. एबोनाइटच्या, म्हणजे कडक रबराच्या, काळ्या दांडीला ती भीती नाही.

आणि मुंबई-कोकणात राहत असाल, तर गठ्ठा पावसाळ्यात उघडा ठेवू नका. सूत हवेतली ओल आधीच पिऊन बसतं, तारेवर गंज चढू लागतो आणि पांढऱ्या काडीवर तपकिरी ठिपके दिसतात. बिस्किटांचा रिकामा डबा आणि त्यात कॅप्सूलच्या बाटलीतली सिलिका जेलची पुडी, एवढं केलं तरी भागतं.