बोंडअळी आणि आयसीयूतले जिवाणू

अळीला मारणारं विष स्वतःच तयार करणारा बीटी कापूस 2002 मध्ये आला आणि 2017 च्या हंगामात यवतमाळकडे बोंड फोडलं की आत गुलाबी अळी! बीटीचं विष पचवणाऱ्या मोजक्या अळ्या वाचल्या, त्यांचीच पिलावळ वाढली, हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला समजावून सांगावं लागत नाही. शहरातल्या मोठ्या दवाखान्यांत अँटिबायोटिकचं हेच होऊन राहिलंय, फक्त अळीची पिढी व्हायला महिनाभर लागतो आणि ई. कोलायसारखा जिवाणू सगळं मनासारखं मिळालं तर 20 मिनिटांत एकाचे दोन होतो.

शिवाय अळी आपला गुण फक्त पिलांना देते, जिवाणू तो शेजाऱ्यालाही देतो. त्याच्याजवळ प्लाझ्मिड नावाचं डीएनएचं छोटं कडं असतं, त्यावर औषध निकामी करणारा जीन असला तर तो दुसऱ्याला चिकटून कॉपी देऊन टाकतो, दुसऱ्या जातीचा असला तरी. एनडीएम-1 जीन असाच पसरतो, 2008 मध्ये तो स्वीडनमधल्या एका पेशंटमध्ये सापडला, जो आधी दिल्लीत अ‍ॅडमिट होता. हा जीन असला की मेरोपेनेमसारखं शेवटी काढायचं इंजेक्शनसुद्धा फुकट जातं.

आयसीयूत लघवीची नळी, सलाईन, व्हेंटिलेटर, प्रत्येक नळी म्हणजे आत जायचा रस्ता, आणि नळीत जिवाणूंचा चिकट थर बसला की औषध नीट पोचत नाही. अ‍ॅसिनेटोबॅक्टर नावाचा जिवाणू तर खाटेच्या कठड्यावर कोरडा पडूनही कित्येक दिवस जगतो. एका सिस्टरकडे एवढे पेशंट असल्यावर दर वेळी हात धुवायला तिला उसंत कुठून मिळणार?

पण सुरुवात बरेचदा गावातच होते. "भाऊ, ताप आहे, अंग लय दुखते, पॉवरची गोळी दे" म्हटलं की मेडिकलवाला अझिथ्रो या अँटिबायोटिकची स्ट्रिप काढतो. स्ट्रिपवर लाल रेघ असते, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायची नाही, पण पाहतं कोण? सोयाबीनच्या सवंगणीत मजुरी बुडवून तालुक्याला कोण जाणार, मला त्या माणसाचा राग येत नाही, चिठ्ठी न बघता देणाऱ्याचा येतो. ताप व्हायरल असला तर गोळी त्याला काहीच करत नाही, आतड्यातले साधे जिवाणू मात्र मरतात आणि चिवट तेवढे उरतात. पुढं अ‍ॅक्सिडेंट होऊन तोच माणूस नागपूरला रेफर झाला की ते सोबत नेतो, येताना तिथले घेऊन येऊ शकतो, ते महिनोन्‌महिने पोटात राहतात, त्रास काहीच नाही, घरच्यांकडेही जातात.

म्हणून सुट्टी होताना डिस्चार्ज कार्डासोबत कल्चरचा रिपोर्ट, म्हणजे कोणता जिवाणू आहे आणि त्यावर कोणतं औषध चालतं ते सांगणारा कागद, मागून घ्या. त्यात ज्या औषधापुढे आर लिहिलंय ते चालत नाही, एस लिहिलंय ते चालतं. पुन्हा ताप चढला तर गावच्या डॉक्टरला तो कागद आधी दाखवा, म्हणजे चुकीच्या औषधात सुरुवातीचे दोन-तीन दिवस जाणार नाहीत.