लाय डिटेक्टर खोटं पकडतच नाही, मग काय पकडतो?

कर नाही त्याला डर कशाला, असं आपण सहज बोलून जातो, आणि पॉलिग्राफ म्हणजेच लाय डिटेक्टर टेस्टचा सगळा डोलारा या एका समजुतीवर उभा आहे. पण ज्याने काही केलेलं नाही तोही घाबरतो, पोलिसांसमोर बसवलं, अंगाला वायरी लावल्या आणि "खून तू केलास का?" असं विचारलं तर कुणाचंही काळीज धडधडेल. मशीनला तेवढी धडधड दिसते. ती कशामुळे होतेय हे त्याला कळायचा काही मार्गच नाही.

मशीनमध्ये गूढ असं काही नाहीये. छाती-पोटाभोवती पट्टे असतात ते श्वास मोजतात, दंडाला बीपीचा पट्टा असतो, आणि बोटांना इलेक्ट्रोड लावतात, घाम आला की त्वचेतून वीज जास्त सहज वाहते म्हणून. १९२१ मध्ये अमेरिकेत बर्कली पोलिसातल्या जॉन लार्सनने यातला श्वास आणि बीपी एकत्र नोंदवणारं यंत्र बनवलं, घामाची नोंद त्यात नंतर जोडली गेली. आज कागदाच्या जागी कॉम्प्युटर आलाय, मोजतात मात्र याच गोष्टी. आणि फक्त खोटं बोलतानाच होते, दुसऱ्या कशानेच होत नाही अशी एकही खूण माणसाच्या शरीरात आजवर सापडलेली नाही. राग, लाज, भीती, अपमान, सगळ्यांनी घाम फुटतो.

मग ऑपरेटर ठरवतो कसं? तर मुख्य प्रश्नांच्या मधेमधे तुलनेचे प्रश्न पेरतात, जसं की "आयुष्यात कधी कुणाला फसवलंयस का?" अंदाज असा की निर्दोष माणूस या प्रश्नाला जास्त अस्वस्थ होईल आणि गुन्हेगार खऱ्या प्रश्नाला. हा अंदाज मला तरी अजिबात पटत नाही, कारण ज्याच्यावर खुनाचा खोटा आळ आलाय त्याला खुनाच्या प्रश्नाची धास्ती जास्त असणार की लहानपणी मारलेल्या थापेची? आणि उलट बाजूने, ज्याला ही युक्ती माहितीये तो तुलनेच्या प्रश्नाला हळूच जीभ चावतो किंवा मनात अवघड वजाबाकी करत बसतो, तिथला आलेख वर जातो आणि मुख्य प्रश्न त्याच्यापुढे शांत दिसतो.

सीआयएचा ऑल्ड्रिच एम्स रशियाला गुपितं विकत होता आणि त्याच काळात, १९८६ आणि १९९१ मध्ये, पॉलिग्राफ पास झाला, पकडला गेला तो १९९४ मध्ये. ग्रीन रिव्हर किलर म्हणून कुप्रसिद्ध झालेला गॅरी रिजवे १९८४ मध्ये टेस्ट पास झाला होता, २००१ मध्ये डीएनएमुळे सापडला.

अशी उदाहरणं अपवाद म्हणून सोडून देता येतील, पण गणित सोडता येत नाही. २००३ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने मोठा रिपोर्ट काढला, त्यातला हिशोब असा: १०,००० कर्मचारी आहेत, त्यात १० हेर. टेस्टची अचूकता प्रत्यक्षात असेल त्याहून चांगली धरा. १० पैकी ८ हेर पकडायचे म्हणून चाळणी कडक केली तर त्यांच्यासोबत साधारण १,६०० निर्दोष लोकही नापास होतात. बरं, निर्दोषांना त्रास नको म्हणून चाळणी सैल केली तर चुकीचे नापास ४०च्या आसपास येतात, पण ८ हेर आरामात निसटतात. म्हणजे हजारो लोकांतून दोनचार दोषी शोधायला हे यंत्र कामाचंच नाही, कितीही हुशार ऑपरेटर बसवला तरी.

एवढं असून ते टिकलंय कशावर, तर दराऱ्यावर. राष्ट्राध्यक्ष निक्सन १९७१ मध्ये बोलले ते टेपवर आहे, की पॉलिग्राफ किती अचूक असतो ते मला माहीत नाही पण लोक त्याला जाम घाबरतात हे माहितीये. "मशीन सांगतंय तू खोटं बोलतोयस" म्हटलं की काही जण कबुली देतात. त्यातले काही खरे गुन्हेगार असतीलही, पण थकलेला, एकटा पडलेला माणूस न केलेलं काम पण कबूल करतो.

कोर्टांनी हे बऱ्याच आधी ओळखलं. १९२३ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील कोर्टाने लाय डिटेक्टरच्या सुरुवातीच्या रूपाचा पुरावा नाकारला. १९८८ मध्ये अमेरिकेने कायदा करून बहुतेक खाजगी कंपन्यांना कर्मचाऱ्यांची आणि नोकरीसाठी येणाऱ्यांची टेस्ट घ्यायला बंदी केली. सरकारी नोकऱ्यांना मात्र त्यातून वगळलं, म्हणजे दुकानातल्या कॅशियरला संरक्षण आणि गुप्तचर खात्यातल्या माणसाचं करिअर त्या आलेखावर! जर्मनीच्या सर्वोच्च कोर्टाने १९९८ मध्ये पुरावा म्हणून पूर्णपणे निरुपयोगी असा निकाल दिला.

आपल्याकडे ५ मे २०१० चा सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य हा सुप्रीम कोर्टाचा निकाल महत्त्वाचा. नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूच्या लहरींची टेस्ट जबरदस्तीने करता येणार नाही, राज्यघटनेच्या कलम २०(३) प्रमाणे कुणालाही स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही, असं कोर्टाने सांगितलं. संमती मॅजिस्ट्रेटसमोर नोंदवायची, वकील मिळाला पाहिजे, आणि संमतीने केली तरी टेस्टचा निकाल हा आपोआप पुरावा होत नाही.

निकाल चांगलाच आहे, पण "संमती" हा दरवाजा उघडा राहिला. कोठडीतला माणूस नाही म्हणाला की "आरोपीचा टेस्टला नकार" अशी बातमी होते आणि लोक मनातल्या मनात शिक्षा देऊन मोकळे होतात, हो म्हणाला तर वर सांगितलेल्या १,६०० जणांत जायची भीती. माझं स्पष्ट मत आहे की संशयितांवर आणि नोकरीसाठी ही टेस्ट वापरणं संमती असो-नसो बंदच करायला हवं, आणि ते होईपर्यंत निदान टेस्ट मागितली कुणी, नाकारली कुणी, नापास कोण झालं हे खटला संपेपर्यंत जाहीर करायला मनाई हवी.