नळीत उतरतात किती रेणू?

फुप्फुसाचा कर्करोग पहिल्याच टप्प्यात रक्तात उतरलेल्या गाठीच्या डीएनएवरून ओळखायचा, तर डीएनए वाचणाऱ्या यंत्राच्या ताकदीपेक्षा नमुन्याचा तुटपुंजेपणा जास्त आडवा येतो. हिशेब करून पाहा. 10 मिलि रक्तातून साधारण 4 मिलि प्लाझ्मा, म्हणजे पेशी वगळून उरलेला द्रव, निघतो. दर मिलिमध्ये पेशींबाहेर मोकळा फिरणारा डीएनए 5 नॅनोग्रॅम धरला, तर हाती 20 नॅनोग्रॅम. एका नॅनोग्रॅमला जनुकसंचाच्या (माणसाच्या पूर्ण डीएनएच्या) सुमारे 300 प्रती, म्हणजे एकूण 6,000. ब्रिटनमधल्या फुप्फुसाच्या कर्करोगावरच्या ट्रेसरएक्स अभ्यासाने 2017 मध्ये अंदाज मांडला, की 10 घन सेंटिमीटरची गाठ यात सुमारे 0.1 टक्का भर घालते. म्हणजे सहा प्रती. गाठ 1 घन सेंटिमीटरची असेल, तर एकसुद्धा धड येत नाही! गाठीच्या डीएनएतला जो बदल नळीत उतरलाच नाही, तो हजारदा वाचन करूनही सापडत नाही.

त्यात रक्त तसेच पडून राहिले, की पांढऱ्या पेशी फुटतात आणि त्यांच्या डीएनएच्या लोंढ्यात गाठीचा अंश बुडतो. म्हणून ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाच्या) नळीतले रक्त काही तासांतच सेंट्रिफ्यूज यंत्रात फिरवतात: आधी 1,600 जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या 1,600 पट जोराने 10 मिनिटे, मग पांढऱ्या पेशींच्या थराला धक्का न लावता वरचा प्लाझ्मा काढून 16,000 जी वर पुन्हा 10 मिनिटे. हेपॅरिन या गोठणरोधकाची नळी टाळतात, कारण ते पीसीआरमध्ये, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवण्याच्या प्रक्रियेत, अडथळा आणते. शिवाय वयानुसार पांढऱ्या पेशींतही टीपी53 सारख्या कर्करोगाशी संबंधित जनुकांत बदल होतात. त्या पेशींचा डीएनए वेगळा वाचला नाही, तर तो बदल गाठीच्या नावावर जमा होतो.

जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या गटाने 2019 मध्ये दाखवलेली वाट मला जास्त आश्वासक वाटते. मोकळ्या डीएनएचे तुकडे साधारण 167 अक्षरांचे असतात. गाठीतून आलेले बरेचदा त्याहून आखूड. एकच बदल शोधण्याऐवजी जनुकसंचभर तुकड्यांची लांबी आणि विखुरणी पाहिली, तर लाखो तुकडे साक्ष देतात.

तरी पॉझिटिव्ह म्हणजे कर्करोग नव्हे. समजा, धूम्रपान करणाऱ्या 1,000 जणांत 10 रुग्ण आहेत. चाचणीने त्यांतले 8 पकडले आणि निरोग्यांपैकी निम्म्यांना निगेटिव्ह ठरवून सोडले, तर 503 जणांना सीटी स्कॅनला पाठवावे लागेल. आपल्याकडे जुन्या क्षयाचे व्रण सीटीतही गाठीसारखे दिसतात, आणि सुजेमुळे मोकळा डीएनए वाढतो. परदेशी रुग्णांवर बसवलेले गणित इथल्या रुग्णांवर पडताळल्याशिवाय वापरू नये. थुंकीतून रक्त पडत असेल, तर या चाचणीची वाट न पाहता थेट डॉक्टरांकडे जावे.