वेळापत्रकाची फाइल आणि ती सांभाळणारे

बसचं किंवा लोकलचं वेळापत्रक ब्राउझरमध्ये उघडायचं, थांबा नकाशावर हलवायचा, सकाळची एक फेरी वाढवायची आणि 'प्रकाशित करा' म्हणायचं. थोड्या वेळानं तो बदल लोकांच्या फोनमध्ये दिसायला लागतो. अशी सोय देणाऱ्या वेब-सेवा आज जगभर वापरात आहेत. त्यांची गरज का पडली हे समजून घ्यायला २००५ सालच्या पोर्टलंडला जावं लागतं. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या ऑरेगन राज्यातलं हे शहर.

तिथल्या ट्रायमेट या सार्वजनिक वाहतूक संस्थेच्या माहिती-तंत्रज्ञान विभागात बिबियाना मॅकह्यू होत्या. परक्या शहरात स्वतःची गाडी घेऊन कसं जायचं हे इंटरनेट चटकन सांगतं, पण बसनं कसं जायचं ते सांगत नाही, ही गोष्ट त्यांना खटकत होती. गूगलमध्ये ख्रिस हॅरेल्सन नावाचे अभियंते, कंपनी स्वतःच्या कल्पनांसाठी जो वेळ मोकळा देत असे त्यात, याच प्रश्नाशी झटापट करत होते. दोन्ही बाजूंची गाठ पडली आणि डिसेंबर २००५ मध्ये फक्त पोर्टलंडपुरता प्रवास-नियोजक सुरू झाला. ट्रायमेटनं आपलं वेळापत्रक ज्या तक्त्यांत काढून दिलं होतं, तेच थोडं घासूनपुसून २००६ मध्ये खुलं मानक म्हणून जाहीर झालं. हेच ते जीटीएफएस, म्हणजे आजच्या नावानं 'जनरल ट्रान्झिट फीड स्पेसिफिकेशन'. त्यातला 'जी' आधी गूगलचा होता; मानक इतरांनीही बिनधास्त वापरावं म्हणून पुढे तो 'जनरल'चा झाला.

मानक म्हणजे काय, तर साध्या मजकुराच्या काही फाइली, एका झिपमध्ये बांधलेल्या. एकीत थांबे आणि त्यांचे अक्षांश-रेखांश, दुसरीत मार्ग, तिसरीत फेऱ्या, चौथीत कोणती फेरी कोणत्या थांब्यावर किती वाजता. आणखी एकीत ती फेरी कोणत्या वारी धावते आणि कोणत्या तारखेपर्यंत. युरोपात याआधीपासून ट्रान्समॉडेल नावाचं मानक होतं, ब्रिटनमध्ये ट्रान्सएक्सचेंज होतं. दोन्ही जास्त काटेकोर आणि जास्त परिपूर्ण. माझ्या मते नेमकं तेच त्यांच्या आड आलं. जीटीएफएसची फाइल एक्सेलमध्ये उघडते आणि तालुक्याच्या गावातल्या कारकुनालाही डोळ्यांनी वाचता येते. अपुरं होतं म्हणूनच ते इतकं पसरलं.

साधेपणाच्या पोटात काही गमती मात्र आहेत. मध्यरात्रीनंतर सुटणारी लोकल आदल्या दिवसाच्या वेळापत्रकातलीच असते. मोटरमन, गार्ड आणि फलाटावरचे प्रवासी सगळ्यांच्या हिशेबी ती 'आजची शेवटची'. कॅलेंडरवरची तारीख मात्र उलटलेली. म्हणून जीटीएफएसमध्ये रात्री एक वाजून दहा मिनिटं ही वेळ २५:१०:०० अशी लिहायची मुभा आहे. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ही चूक वाटते. वाहतूक नियंत्रकाला वाटत नाही. रविवारचा मेगाब्लॉक आला की अपवादांच्या फाइलमध्ये त्या तारखेला नेहमीच्या फेऱ्या वजा करायच्या आणि ब्लॉकच्या दिवशीच्या घालायच्या. एसटीची मुक्कामी गाडी संध्याकाळी गावात जाते, रात्रभर देवळापाशी उभी राहते आणि पहाटे परत निघते. आगाराच्या लेखी ते एकाच चालक-वाहकाचं काम, फाइलच्या लेखी दोन स्वतंत्र फेऱ्या.

प्रत्येक संस्थेला आपला टाइमझोनही लिहावा लागतो. भारतात आज ती एका ओळीची बाब आहे. शंभर वर्षांपूर्वी नसती. १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ लागू झाली तरी मुंबई शहर पुढची जवळजवळ पन्नास वर्षं, १९५५ पर्यंत, आपल्या ३९ मिनिटं मागच्या 'बॉम्बे टाइम'ला धरून बसलं होतं. १९०६ च्या आधी रेल्वे मद्रासच्या वेळेवर चालत असे. तेव्हा कुणी ही फाइल बनवायला बसला असता तर पहिल्याच रकान्यात अडकला असता.

मानक तयार होणं हा या गोष्टीतला सोपा भाग. अवघड भाग पुढे सुरू झाला. मोठ्या संस्थांकडे गाड्या आणि ड्यूट्या लावणारं महागडं सॉफ्टवेअर असतं. त्यातून ही फाइल जवळजवळ आपोआप बाहेर पडते. दहा-वीस बस चालवणाऱ्या गावाचं काय? तिथे वेळापत्रक भिंतीवरच्या फलकावर असतं, फार तर एक्सेलमध्ये. एका मार्गावर ४० थांबे आणि दिवसाला ६० फेऱ्या धरल्या तर नुसत्या वेळांच्या फाइलमध्ये २,४०० ओळी होतात. एखाद्या फेरीची वेळ पाच मिनिटांनी पुढे गेली की तिच्या चाळीस ओळी बदलायच्या. थांब्याचा सांकेतिक क्रमांक एका फाइलमध्ये एक आणि दुसरीत दुसरा पडला की अख्खी झिप नाकारली जाते. हे हातानं एकदा जमतं, दर तिमाहीला जमत नाही.

वेळापत्रक-डेटा सांभाळणाऱ्या वेब-सेवा या खड्ड्यातून उगवल्या. अमेरिकेत ट्रिलियमसारख्या कंपन्यांनी छोट्या बससेवांसाठी हे काम अंगावर घेतलं आणि त्यासाठी वेबवरचं संपादन-साधन वापरात आणलं. ग्रामीण वाहतुकीला मदत करणाऱ्या नॅशनल आरटॅप या सरकारी पैशावर चालणाऱ्या कार्यक्रमानं फुकट साधन दिलं. फिनलंडनं तर २०१८ पासून लागू झालेल्या वाहतूक कायद्यान्वये माहिती देणं बंधनकारक केलं आणि लहान चालकांची अडचण ओळखून सरकारतर्फेच ब्राउझरमध्ये चालणारा मोफत संपादक पुरवला. सक्ती करायची तर हत्यारही द्यायचं, हा शहाणपणा सगळ्याच सरकारांना सुचत नाही.

तयार झालेल्या फाइली गोळा करणाऱ्या सेवा हा दुसरा प्रवाह. २००८ मध्ये सुरू झालेलं जीटीएफएस डेटा एक्स्चेंज २०१६ मध्ये बंद झालं. मग ट्रान्झिटलँड, ट्रान्झिटफीड्स आणि मोबिलिटीडेटा या संस्थेचं भांडार यांनी ती जागा घेतली. २०११ मध्ये जीटीएफएस रिअलटाइम आलं आणि गाडी आत्ता कुठे आहे, किती उशिरा आहे, हेही सांगता येऊ लागलं. मूळ वेळापत्रक चुकीचं असेल तर मात्र 'किती उशीर' याला काही अर्थ उरत नाही, त्यामुळे जुन्या कंटाळवाण्या फाइलीचं महत्त्व उलट वाढलं.

दरम्यान मालकीचं भांडण होऊन गेलं. २००९ मध्ये न्यूयॉर्कच्या एमटीए या सार्वजनिक वाहतूक संस्थेनं एका फोन-ॲपच्या निर्मात्याला अडवलं. ॲपमध्ये मेट्रो-नॉर्थ रेल्वेचं वेळापत्रक होतं, आणि त्यावर हक्क आमचा, परवाना घ्या, असा संस्थेचा पवित्रा होता. बरीच टीका झाली आणि २०१० च्या सुरुवातीला एमटीएनं आपला डेटा सगळ्यांसाठी खुला केला. जनतेच्या पैशावर चालणाऱ्या गाडीची वेळ जनतेलाच विकत घ्यायला लावणं फार काळ टिकणारं नव्हतं. इंग्लंडमध्ये २०१७ च्या बस कायद्यानं याला सक्तीचं रूप दिलं. २०२० च्या अखेरपासून स्थानिक बसचालकांना वेळापत्रकं सरकारी बस ओपन डेटा सेवेवर चढवावी लागतात. अमेरिकेतही २०२३ च्या अहवाल-वर्षापासून ठरलेल्या मार्गांवर धावणाऱ्या सेवांकडून केंद्रीय वाहतूक खातं जीटीएफएस मागू लागलं.

आपल्याकडे गाडी वेगळ्या रुळावरून गेली. मुंबईत सचिन टेके यांचं एम-इंडिकेटर २०१० मध्ये आलं. नेट नसतानाही लोकलच्या वेळा, फास्ट-स्लो, फलाट, सगळं फोनमध्ये. लोकांना मानकाशी काही देणंघेणं नव्हतं आणि नसावंही; ८.१२ ची गाडी मिळाली म्हणजे झालं. पण ती माहिती एका ॲपच्या पोटात राहिली. दुसऱ्या कुणाला बस, मेट्रो आणि लोकल जोडून दाखवायची तर पुन्हा पहिल्यापासून गोळा करणं आलं. वेळापत्रक संस्थेनंच खुलं करायची पद्धत भारतात रुजायला २०१८ उजाडलं. त्या वर्षी कोची मेट्रोनं आपला जीटीएफएस डेटा खुला केला आणि दिल्ली सरकारनं आयआयआयटी-दिल्लीच्या साथीनं ओपन ट्रान्झिट डेटाचा मंच सुरू केला; तिथून बसची चालू स्थितीही मिळते. कोचीच्या कामातून स्टॅटिक जीटीएफएस मॅनेजर नावाचं मुक्तस्रोत साधन जन्मलं. तेही ब्राउझरमध्येच चालतं आणि कुणालाही आपल्या सर्व्हरवर बसवता येतं.

या सगळ्या सेवांना एक दुखणं समान आहे. फाइलमध्ये प्रत्येक वेळापत्रकाला शेवटची तारीख असते. बदली झालेल्या अधिकाऱ्याच्या जागी नवा आला, पासवर्ड कुणाकडे आहे हे त्याला ठाऊक नसलं आणि ती तारीख उलटून गेली, की रस्त्यावर बस धावत असते आणि फोन सांगतो, या मार्गावर सेवा नाही. म्हणून वेब-सेवा निवडताना जाणकार आधी नकाशा किती देखणा आहे ते बघत नाहीत. मुदत संपायच्या आधी ती कुणाला कळवते, आणि त्या माणसाच्या जागी उद्या दुसरा आला तर काय, हे विचारतात.