कानस मारण्याआधी बूड वाचा
(इंग्लिश मुलाम्याची भांडी आणि त्यांवरचे शिक्के : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

आमच्या मुलामा चढवायच्या दुकानात रोज विचारला जाणारा प्रश्न एकच : "ही चांदीच आहे ना?" त्यामागून येणारं वाक्यही ठरलेलं : "सराफाने कस लावून बघितलाय. चांदीच म्हणाला." मग आम्ही किटली उलटी करतो, तर बुडाच्या कडेला कानशीची ताजी खाच.

त्या खाचेपायी हे पत्रक छापलं आहे.

आधी सराफाची बाजू घेतो, कारण तो खोटं बोललेला नसतो. विजेच्या मुलाम्यात (भांडं रसायनाच्या टाकीत ठेवून वीज सोडायची) भांड्यावर जो थर बसतो तो जवळजवळ शुद्ध चांदीचा असतो. इंग्लंडची स्टर्लिंग चांदी हजारात 925, हा थर त्याहूनही चोख. तेव्हा कसोटीवर भांडं घासलं की रेघ चांदीचीच उमटणार आणि तेजाबाचा थेंबही चांदीचंच उत्तर देणार. कस फक्त वरच्या कातडीला विचारलेला असतो, आतलं हाड कशाचं ते त्याला कळत नाही. वजन हातात घेतल्यावर सराफाला शंका येते, तो कानस उचलतो, दोन हात खोल मारतो, आत पिवळसर पांढरा धातू दिसतो आणि "मुलामा आहे हो" म्हणून भांडं परत देतो. घरच्यांची निराशा होते, ते भांडं चमकवून तरी घेऊ म्हणून आमच्याकडे येतात, आणि त्या दोन हातांचं काम आमच्या गळ्यात पडतं.

मुलामा म्हणजे भिंतीवरची लांबी (पुट्टी) नव्हे. खाच बुजवणं त्याला जमत नाही. खाली जसं असेल तसंच तो वर उमटवतो, केसाएवढा ओरखडासुद्धा. म्हणून खाच असेल तर आधी झाळून भरावी लागते, मग कानस, मग पॉलिशपेपर, मग बफ, आणि हे सगळं आजूबाजूची नक्षी न पुसता. सहा नगांच्या चहाच्या सेटवर मुलामा चढवायला टाकीत लागतो त्याहून जास्त वेळ एका खाचेवर जातो. बिलात "दुरुस्ती" म्हणून दिसणारा आकडा हा आहे. तो बघून कपाळाला आठ्या पडतात हे आम्हाला माहीत आहे.

आणि हे सगळं टाळता येण्यासारखं असतं. जे शोधायला कानस मारली, ते बनवणाऱ्याने बुडावर आधीच ठोकून ठेवलेलं असतं.

चार अक्षरं

ई, पी, एन, एस. म्हणजे 'इलेक्ट्रोप्लेटेड निकेल सिल्व्हर', विजेचा मुलामा चढवलेलं निकेल सिल्व्हर. यातल्या निकेल सिल्व्हरमध्ये चांदी औषधालाही नाही. तांबं, जस्त आणि निकेल यांचा तो मिश्रधातू. यालाच जर्मन सिल्व्हरही म्हणतात. (आपल्याकडे 'जर्मनचं पातेलं' म्हणजे ॲल्युमिनियमचं. हे ते नव्हे. आठवड्यातून एकदा तरी हा घोळ निस्तरावा लागतो.)

खरी मेख अक्षरं कशी ठोकली आहेत त्यात आहे. शेफील्ड आणि बर्मिंगहॅमच्या कारखानदारांनी ही अक्षरं एका ओळीत सरळ लिहिलीच नाहीत. प्रत्येक अक्षर वेगळ्या ढालीत, जुन्या वळणदार गॉथिक लिपीत, चार ठसे शेजारी शेजारी. लांबून बघितलं तर अगदी चांदीच्या हॉलमार्कसारखं. हे योगायोगाने झालेलं नाही. मालकाच्या जेवणाच्या टेबलावर पाहुण्याने चमचा उलटून बघितलाच, तर त्याला चार छोटे ठसे दिसावेत, एवढीच इच्छा. कायद्याने फसवणूक नाही, नजरेने मात्र थोडी आहे. तेव्हा तुमची नजर फसली तर वाईट वाटून घेऊ नका.

खऱ्या इंग्लिश चांदीची खूण लक्षात ठेवायला सोपी आहे : पंजा उचलून चालणारा सिंह. 1544 पासून तो चालतोच आहे. त्याच्याबरोबर गावाचा शिक्का असतो. लंडनचं बिबळ्याचं तोंड, बर्मिंगहॅमचा नांगर (गावाला समुद्र नाही, तरी नांगर), शेफील्डचा मुकुट (1974 पर्यंत). शिवाय वर्षाचं अक्षर आणि बनवणाऱ्याची आद्याक्षरं. इंग्लंडमध्ये घडलेल्या जुन्या भांड्यावर सिंह सापडला तर आनंदाने सराफाकडे जा, आमची गरज नाही. सिंह नसेल आणि ई.पी. ही दोन अक्षरं एकत्र दिसली, तर कानस आवरा.

मुकुटाबद्दल एक सावधगिरी. शेफील्डच्या परीक्षण कचेरीचा (चांदी तपासून शिक्का मारणाऱ्या कचेरीचा) मुकुट 1773 पासूनचा. पण एकोणिसाव्या शतकात मुलामेवाल्यांनीही आपल्या भांड्यांवर बिनदिक्कत मुकुट ठोकले. शेवटी त्यांना ते 1896 च्या सुमारास थांबवावं लागलं. म्हणजे नुसत्या मुकुटाने चांदी सिद्ध होत नाही. उलट मुलाम्याच्या भांड्यावर मुकुट असेल तर ते बहुधा त्या सालाच्या आधीचं, एवढा अंदाज मात्र फुकट मिळतो.

ई.पी.बी.एम. दिसलं तर थांबा

एवढं एकच ठळक वाचलंत तरी चालेल. बी.एम. म्हणजे ब्रिटानिया मेटल : नव्वद टक्क्यांहून जास्त कथील, बाकी अँटिमनी आणि थोडं तांबं. हा धातू मऊ, टिचकी मारली तर 'टण्ण' न वाजता 'ठप्प' वाजतो. वितळतो अडीचशे अंशांच्या आसपास. चांदीच्या झाळेला सहाशेच्या वर ताव लागतो. हिशोब तुम्हीच करा.

मागच्या दिवाळीआधी एक ताई सासूबाईंची किटली घेऊन आल्या. झाकणाची बिजागरी सुटली होती म्हणून त्यांनी ती घराजवळच्या एका कारागिराला दिली. त्याने पितळेच्या भांड्याला देतो तसाच ताव दिला. बिजागरी राहिली बाजूलाच, तोटीच्या मुळाशी रुपयाएवढं भोक पडून कडा मेणासारख्या ओघळल्या. बुडावर चार ढाली स्वच्छ वाचता येत होत्या : ई, पी, बी, एम. आम्ही ते भोक बुजवलं, पण ठिगळ ते ठिगळच. तेव्हा ब्रिटानिया मेटलचं भांडं दुरुस्तीला देताना, आमच्याकडे असो वा कुणाकडे, ही चार अक्षरं आधी बोट ठेवून दाखवा.

कुणी बनवलं

दुसरा नेहमीचा प्रश्न : "हे कुठल्या कंपनीचं, आणि त्याला किंमत आहे का?"

मूळ घराणं एल्किंग्टनचं, बर्मिंगहॅमच्या न्यूहॉल स्ट्रीटवरचं. जॉर्ज रिचर्ड्स आणि हेन्री या एल्किंग्टन चुलतभावांनी 1840 मध्ये विजेच्या मुलाम्याचं पेटंट घेतलं. सायनाइडच्या द्रावणातून चांदी नीट चिकटते हे हेरलं होतं त्याच गावातल्या जॉन राइट नावाच्या सर्जनने, आणि त्याची युक्ती एल्किंग्टननी विकत घेतली. आमच्या टाकीत आजही जवळपास तेच रसायन आहे. विम्बल्डनच्या महिला विजेतीला मिळणारी मोठी थाळी याच घराण्याने 1864 मध्ये बनवलेली (ती मात्र मुलाम्याची नाही, चांदीची आहे).

एल्किंग्टनच्या मालाचा मोठा गुण म्हणजे त्यांनी वर्षाची खूण ठेवली. 1841 पासून आधी आकडे, 1849 पासून अक्षरं. अक्षरमाला संपली की पुन्हा 'ए' : 1865 ला, 1886 ला, 1912 ला. म्हणून नुसतं अक्षर सांगून फोनवर साल विचारू नका. अक्षराभोवतीची चौकट कशी आहे ते दिसल्याशिवाय आम्ही सांगत नाही. काही जणांना हा आमचा आखडूपणा वाटतो. पण 'ए' ऐकून 1865 सांगायचं आणि ते निघायचं 1912 चं, यापेक्षा आखडू म्हणवून घेणं परवडलं.

शेफील्डच्या वॉकर अँड हॉलचा शिक्का लहान पोरालाही ओळखता येतो : तिकोनी फडकता झेंडा आणि त्यात डब्ल्यू अँड एच. आमच्याकडे चमचे-काटे येतात त्यात हा झेंडा बराच दिसतो. जाड माल, पुन्हा मुलामा चढवायला उत्तम. जेम्स डिक्सन अँड सन्स, शेफील्डच्याच कॉर्निश प्लेसचे, त्यांची खूण पताका लावलेली तुतारी. हो, तुतारीच. मॅपिन अँड वेब सहसा पूर्ण नाव लिहितात, सोबत 'प्रिन्सेस प्लेट' (राजकन्येची नव्हे, प्रिन्सची, म्हणजे राजपुत्राची) हे त्यांच्या मालाचं नाव. ते नाव राजपुत्राच्या भेटीचं समजून एक गृहस्थ भांडं बँकेच्या लॉकरमध्ये ठेवून बसले होते.

याखेरीज शेकड्याने छोटे कारखाने होते. त्यांची आद्याक्षरं एकमेकांसारखी, आणि शेवटचा 'एस' कधी सन्सचा, कधी शेफील्डचा. तिथे आम्हीही पुस्तकं उघडतो.

'ए-वन' असं लिहिलेलं असेल तर तो कारखानदाराने स्वतःच स्वतःला दिलेला नंबर, सरकारी प्रमाणपत्र नव्हे. तरी साधारणपणे थर जाड असतो हा आमचा अनुभव.

आकडे म्हणजे साल नव्हे

"1786 सालची आहे" असं सांगत आलेली साखरदाणी आम्ही बघितली आहे. तो नमुन्याचा क्रमांक होता. खाली ई.पी. लिहिलं असेल तर 1840 च्या आधीचं साल शक्यच नाही, मग आकडा काहीही म्हणो. 1847 आणि पुढे रॉजर्स ब्रदर्स, अशी अक्षरं असतील तर माल इंग्लिशच नाही, अमेरिकन आहे, आणि 1847 हा त्यांच्या ब्रँडच्या नावाचाच भाग. विसाव्या शतकातल्या चमच्यांवरही तो तसाच आहे.

खरंच कामाला येतो तो चौकोनी हिऱ्यासारखा शिक्का, कोपऱ्यांत अक्षरं-आकडे असलेला. तो 1842 ते 1883 मधल्या डिझाइन-नोंदणीचा. 1884 पासून त्याजागी सरळ नोंदणी क्रमांक आला. हे साल डिझाइन नोंदवल्याचं, भांडं त्यानंतर केव्हाही बनलेलं असू शकतं. 'इंग्लंड' हा शब्द असेल तर बहुतेक 1891 नंतरचं, कारण अमेरिकेच्या जकात कायद्याने तेव्हापासून मालावर देशाचं नाव मागायला सुरुवात केली.

मोठी कोरलेली अक्षरं, दांड्यावरची किंवा पोटावरची, ही बनवणाऱ्याची नसतात. क्लब, बोटीच्या कंपन्या, हॉटेलं, रेल्वे आपापली नावं घालून घेत. मुंबईच्या बाजारात फिरून तुमच्या घरात आलेल्या चमच्यावर ती सापडली तर ती मालकाची खूण, आणि कधीकधी भांड्याहून तिलाच जास्त मागणी असते. आम्हाला विचारल्याशिवाय ती घासून काढायला सांगू नका.

मोडीत किती येतील?

मोडीत घालायला आणू नका, एवढंच म्हणतो. शंभर चौरस सेंटिमीटरवर 20 मायक्रॉनचा चांगला थर म्हणजे साधारण दोन ग्रॅम चांदी. जेवणाचा मोठा चमचा दोन्ही बाजूंनी मोजला तर जवळपास एवढाच भरतो. त्यातलीही निम्मी शंभर वर्षांच्या घासण्यात गेलेली. वजनावर विकलंत तर निकेल सिल्व्हरचा भाव मिळेल, म्हणजे भंगाराचा. पण तोच चमचा पुन्हा मुलामा चढवून घरात वापरलात तर तुमच्या नातवापर्यंत पुरेल.

आमचा दर लोक बाजारातल्या 'चमक' मारून देणाऱ्यांशी ताडून बघतात. त्यांच्याकडे दहा मिनिटांत भांडं चकाकतं हे खरं, दोन गणपतींत पिवळंही पडतं. आम्ही जुना थर उतरवतो, धातू साफ करतो, आणि शिक्क्यावर बफ फिरवत नाही. ती जागा हाताने साफ करतो. परत नेताना तुमच्या भांड्याचं बूड इतर भागापेक्षा किंचित मंद दिसेल. ती कामचुकारी नव्हे.

एका कामाला मात्र आम्ही नाही म्हणतो. घासलेल्या कडांतून लालसर तांबं डोकावत असेल, बुडावर ई.पी. नसेल आणि घडण जुनी वाटली, तर ते ओल्ड शेफील्ड प्लेट असू शकतं : 1743 च्या सुमारास शेफील्डच्या थॉमस बोल्सोव्हरने काढलेली रीत, तांब्याच्या लादीवर चांदीचा पत्रा तापवून एकजीव करायची आणि मग लाटायची. त्यावर नवा मुलामा चढवला की त्याचं मोल उतरतं. तांबं तसंच दिसू द्या. आणि बुडावर 'शेफील्ड प्लेट' असे शब्दच छापलेले असतील तर ते बहुधा ओल्ड शेफील्ड नाही. त्या काळी तसं लिहायची पद्धत नव्हती.

फोटो पाठवताना

किटलीचा समोरून काढलेला देखणा फोटो नको. बूड हवं. शिक्क्यावर चिमूटभर टाल्कम पावडर बोटाने दाबा, वरून कोरड्या कपड्याने हलकेच पुसा. अक्षरांत पावडर राहते आणि ती पांढरी उठून दिसतात. खिडकीशी, तिरप्या उजेडात, फ्लॅश बंद करून फोटो घ्या. त्याआधी चिंच, राख, रांगोळी यांतलं काहीही लावू नका. उथळ शिक्का एका घासणीत जातो, आणि मग आम्हालाही कानशीशिवाय काही सांगता येत नाही.

शिक्का वाचून द्यायचे आम्ही पैसे घेत नाही, काम आमच्याकडे दिलं नाहीत तरी. दुपारी तीननंतर या, सकाळी टाकी चालू असते आणि हात ओले असतात. भांडी जुन्या सुती साडीत गुंडाळून आणा. चमच्यांच्या जुडीला रबरबँड लावू नका : रबरातल्या गंधकाने चांदीवर काळी रेघ उमटते, आणि तीही आम्हालाच काढावी लागते.