गाळातून उगवलेली बेटं: नांदूरमध्यमेश्वर आणि भोवतालच्या गावांची पार्श्वभूमी

नाशिकहून सकाळी अंधारातच निघायचं, चांदोरी-सायखेड्यावरून खानगाव थडी नाहीतर चापडगाव गाठायचं, दुपारपर्यंत पक्षी बघायचे आणि येताना निफाडला जेवून घरी यायचं, असा बेत हिवाळ्यात बऱ्याच घरांत ठरतो. पक्षी बघण्याच्या मनोऱ्यावर उभं राहिलं की समोर उथळ पाण्याचा मोठा पसारा दिसतो, त्यात झाडोऱ्याने भरलेली बेटं आणि बेटांवर बगळ्या-करकोचांची दाटी. हे सगळं अनादी काळापासून असंच असेल असं वाटतं, पण ही बेटं जेमतेम शंभर-सव्वाशे वर्षांची आहेत. दुष्काळाच्या धसक्याने बांधलेल्या एका बंधाऱ्यामागे गोदावरी आणि कादवा या दोन नद्यांनी आणून टाकलेला गाळ म्हणजे ही बेटं. इथला एक दिवस नीट पाहायचा असेल, तर त्या बंधाऱ्यापासून सुरुवात करायला हवी.

नाशिक जिल्ह्याचा पाऊस कमालीचा विषम आहे. इगतपुरीला वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पडतो. तिथून पूर्वेला निफाड-सिन्नरकडे यावं तर पाचशे मिलिमीटरच्या आसपास. सह्याद्री ढग अडवतो आणि पलीकडचा पट्टा कोरडा राहतो. 1876 ते 1878 आणि पुन्हा 1899-1900 या काळात दख्खनमध्ये जे दुष्काळ पडले, त्यांत या कोरड्या पट्ट्याची फार हलाखी झाली. माणसं खडी फोडायला दुष्काळी कामांवर गेली, गुरं मेली, गावं ओस पडली. त्यानंतर 1901 मध्ये इंग्रज सरकारने पाटबंधारे आयोग नेमला. घाटमाथ्यावर पडणारं पाणी धरणात साठवायचं, नदीने खाली सोडायचं आणि सखल भागात बंधाऱ्याने अडवून कालव्यांत वळवायचं, अशा योजनांना त्यानंतर खरी गती आली.

गोदावरी कालव्यांची योजना त्यांतलीच. इगतपुरीजवळ दारणा नदीवर धरण झालं, ते 1916 मध्ये पूर्ण झालं. खाली, गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाशी, नांदूरमध्यमेश्वरला दगडी बंधारा. त्याचं काम 1907 च्या सुमाराला सुरू झालं. बंधाऱ्याच्या दोन्ही अंगांनी कालवे निघाले, डावा आणि उजवा, आणि ते पाणी कोपरगाव-राहात्याच्या बाजूला गेलं. त्या भागातला ऊस, तिथली साखर कारखानदारी, त्यातून उभं राहिलेलं राजकारण, या सगळ्याचं मूळ या बंधाऱ्यात आहे. पुढे गोदावरीवर गंगापूर आणि कादवेवर करंजवण, पालखेड अशी धरणं झाली, पण वरचं पाणी खाली येऊन थांबायचं ते इथेच.

बंधारा बांधणाऱ्यांना तलाव करायचा नव्हता. पाण्याची पातळी थोडी उचलून ते कालव्यात ढकलायचं, एवढंच त्याचं काम होतं. म्हणून तो उंच नाही, आणि मागचं पाणी खोल न होता आडवं पसरलं. पसरलेल्या पाण्याचा वेग मंदावतो, आणि वेग मंदावला की नदी गाळ खाली टाकते. दरवर्षीच्या पुराने काळ्या मातीचा थर चढत गेला. पाणलोटात शेती वाढली, डोंगर उघडे पडले, तसा गाळही वाढला. कुठे उथळ दलदल झाली, कुठे गाळ पाण्याबाहेर आला. त्यावर आधी पाणकणीस आणि लव्हाळे आले, मग बाभळी रुजल्या. अशी ही बेटं तयार झाली.

पाटबंधारे खात्याच्या वहीत गाळ म्हणजे गमावलेली साठवण. ते खरंच आहे. पण इथे पक्षी का आले हे समजायचं असेल, तर त्याच गाळाकडे पाहावं लागतं. चित्रबलाक, ज्याला काही जण रंगीत करकोचा म्हणतात, तो खाताना बघा. लांब पिवळी चोच अर्धवट उघडून तो पाण्यात बुडवतो आणि हळूहळू पुढे सरकतो. पायाने तळ ढवळतो, मधूनच एक पंख झटकन उघडतो. बिथरलेला मासा चोचीला लागला की चोच फटकन मिटते. यात डोळ्यांचं फारसं काम नाही, गढूळ पाण्यातही हे चालतं. फक्त पाणी त्याच्या पायांच्या उंचीपेक्षा खोल असून उपयोग नाही. चमच्यालाही तेच हवं, तो चपटी चोच डावी-उजवीकडे फिरवत चिखल चाळतो. मुग्धबलाक गोगलगायी आणि शिंपले काढून खातो, तेही दलदलीतलेच. शराटी, शेकाट्या, तुतारी यांनाही ओला गाळ लागतो. खोल, स्वच्छ पाण्याच्या मोठ्या धरणावर यातले फार थोडे दिसतात.

बेटांचा दुसरा फायदा म्हणजे चहूबाजूंनी पाणी. कुत्री, मुंगूस, गुरं, माणसं सहज पोचत नाहीत. बाभळीच्या काटेरी फांद्यांवर बगळे आणि पाणकावळे निर्धास्त वस्ती करतात. हिवाळ्यात ऑक्टोबरपासून पाहुणे येऊ लागतात: थापट्या, तलवार बदक, गढवाल, भुवई बदक, आणि हिमालय ओलांडून येणारे चक्रवाक. त्यांना दिवसभर उघड्या पाण्यावर झोपायला आणि रात्री भोवतीच्या शेतांत, दलदलीत चरायला मिळतं. मार्च उजाडला की ते परतायला लागतात.

सालीम अलींनी याला महाराष्ट्राचं भरतपूर म्हटल्याचं इथे सगळे अभिमानाने सांगतात. ही तुलना लोक पक्ष्यांच्या संख्येवरून करतात. मला ती दुसऱ्या अंगाने अधिक पटते. राजस्थानातल्या भरतपूरचं केवलादेव हे पक्ष्यांचं उद्यानही निसर्गाने एकट्याने घडवलेलं नाही. अठराव्या शतकात राजा सूरजमलच्या काळात अजान बांध बांधला गेला, त्यातून तिथली पाणथळ वाढली. आणि तिथे जसं शंकराचं देऊळ, तसं इथे मध्यमेश्वराचं. दोन्ही ठिकाणी माणसाने पाणी अडवलं ते स्वतःच्या गरजेपोटी, आणि पक्ष्यांनी नंतर येऊन त्या जागेचा ताबा घेतला.

बंधाऱ्याने काही दिलं तसं काही बुडवलंही. चांदोरीला थांबल्याशिवाय हा दिवस पुरा होत नाही असं मी म्हणेन. चांदोरी म्हणजे हिंगण्यांचं गाव. महादेवभट हिंगणे आणि त्यांच्या मुलांनी दिल्ली दरबारात पेशव्यांची वकिली केली. अठराव्या शतकातलं उत्तरेचं मराठ्यांचं राजकारण ज्या पत्रांतून कळतं, त्यांत हिंगणे घराण्याच्या पत्रांना मोठं स्थान आहे. त्या गावाजवळ गोदावरीच्या पात्रात दगडी देवळांचा एक समूह आहे, आणि बंधाऱ्याच्या फुगवट्यामुळे तो एरवी पाण्याखाली असतो. एखाद्या उन्हाळ्यात पातळी फार खाली गेली की देवळं वर येतात आणि पंचक्रोशीतून लोक बघायला लोटतात. खांबांच्या नक्षीत गाळ घट्ट बसलेला असतो, कोपऱ्यांत शिंपले चिकटलेले. बेटं घडवणारा गाळ तो हाच.

सायखेडा हे नदीकाठचं जुनं बाजाराचं गाव. इथल्या लोकांचं पाण्याशी नातं गोड नाही. वर गंगापूर आणि दारणेतून विसर्ग वाढला, त्यात कादवेचं पाणी आलं, की नांदूरमध्यमेश्वरमागे फुगवटा चढतो आणि सायखेडा-चांदोरीत पाणी शिरतं. ऑगस्ट 2019 मधला पूर लोक अजून विसरलेले नाहीत, घरं आणि बाजारपेठ पाण्यात होती. पावसाळ्यात नाशिकच्या बातम्यांत "नांदूरमध्यमेश्वरमधून इतके क्युसेक" हे वाक्य रोज असतं, कारण तो आकडा म्हणजे खाली जायकवाडीकडे किती पाणी चाललं याचं माप. नाशिक-नगर विरुद्ध मराठवाडा असा पाण्याचा वाद पेटतो तेव्हा तोच आकडा दोन्हीकडे मोजला जातो.

निफाड अगदी वेगळं. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा जन्म 1842 मध्ये इथला. आता मात्र गावाची ओळख द्राक्षं, कांदा आणि थंडी. गावाजवळ कुंदेवाडीला गहू संशोधन केंद्र आहे, आणि राज्यातल्या नीचांकी तापमानाच्या बातमीत दर हिवाळ्यात त्याच केंद्राची नोंद असते. डिसेंबर 2018 मध्ये तिथे पारा दोन अंशांखाली गेला होता, द्राक्षबागायतदारांनी बागेत शेकोट्या पेटवल्या. त्या गारठ्यात पहाटे मनोऱ्यावर जाणाऱ्याने कानटोपी घ्यावीच.

पक्षी आले, ते पाहायला माणसं आली, आणि 1986 मध्ये या भागाला अभयारण्याचा दर्जा मिळाला. क्षेत्र शंभर चौरस किलोमीटर. ते फक्त पाण्याचं नाही, त्यात शेतं आणि गावंही येतात, म्हणून सुरुवातीची बरीच वर्षं शेतकऱ्यांच्या मनात धाकधूक होती. आपल्याच रानात बांध घालायचा, विहीर खणायची तर कुणाला विचारायचं, हा प्रश्न त्यांच्यासाठी खरा होता. पुढे चापडगाव-खानगाव परिसरातले तरुण पक्षीमार्गदर्शक झाले. दुर्बीण लावून देणं, पक्ष्याचं नाव सांगणं, आज कुठला थवा कुठे उतरलाय ते ठाऊक असणं, हे सगळं ते करतात. अभयारण्याबद्दल गावात आपलेपणा आला असेल, तर त्याचं मोठं श्रेय मी त्यांना देतो.

पाणथळ जागांसाठीचा आंतरराष्ट्रीय करार 1971 मध्ये इराणमधल्या रामसर गावी झाला. त्याच्या यादीत केवलादेव आणि चिल्का 1981 मध्येच गेली. महाराष्ट्राचं नाव मात्र त्यात यायला जवळपास चार दशकं लागली. जानेवारी 2020 मध्ये भारतातल्या दहा नव्या जागा जाहीर झाल्या, त्यांत नांदूरमध्यमेश्वर होतं. राज्यातली ही पहिली रामसर जागा. लोणार आणि ठाण्याची खाडी त्यानंतर. या नोंदीत इथल्या 536 प्रजातींचा उल्लेख आहे, आणि त्यांत देवळालीच्या नावाने ओळखला जाणारा एक छोटा, अतिसंकटग्रस्त मासाही आहे. पक्ष्यांच्या गडबडीत त्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. जायला हवं.

त्याच नोंदीत धोकेही लिहिलेत: पाणवेली, वाढती शहरं, पाण्याचा उपसा. पाणवेलींवर कमळपक्षी लांब बोटं टाकत ऐटीत चालतो, ते दृश्य छान दिसतं खरं, पण सांडपाण्यावर पोसलेला तो हिरवा गालिचा वाढत गेला की खाली उजेड आणि हवा पोचत नाही, मासे गुदमरतात. नाशिक शहर जे नदीत सोडतं, ते वाहत इथेच येतं. गाळाचा प्रश्न त्याहून अवघड आहे. पूर येणारी गावं गाळ काढा म्हणतात, आणि त्यांचं चुकत नाही. साठवण वाढावी असं कालव्याच्या लाभधारकांनाही वाटतं. पण सरसकट उपसा केला तर उथळ पाणीच उरणार नाही, आणि चित्रबलाकाचे पाय टेकणार नाहीत. कुठला गाळ काढायचा, कुठली बेटं ठेवायची, हे जागा बघून, पक्ष्यांचा हंगाम टाळून ठरवावं लागेल.

तोवर ज्यांना एक दिवस काढायचा आहे त्यांनी निघण्याआधी मार्गदर्शकाला फोन करून एवढंच विचारावं: कालव्याला आवर्तन, म्हणजे शेतीसाठी ठरावीक मुदतीने सोडायचं पाणी, सुटलंय का? आवर्तन चालू असलं की पातळी उतरते, बेटांच्या कडेचा गाळ उघडा पडतो, आणि चिखलातले पक्षी काठाजवळ येतात. जलाशय तुडुंब असेल तेव्हा बदकं जास्त, तीही लांबवर. नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम, आणि चापडगावचा मनोरा सकाळी नऊच्या आत.